शुक्रवारचा ओटा

“तुमचा देव एक आहे की तीन?”

नव्या सुनेनं हे विचारलं आणि ओट्यावर बसलेले आम्ही आठजण एकदम गप्प झालो. जून संपत आला होता. पाऊस केळीच्या पानांवर वाजत होता, पलीकडच्या बावखलात बेडकांचा गलका चालला होता, आणि आमच्यापैकी कुणालाच शब्द सापडत नव्हता. मावशींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कितीतरी वेळा कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून त्या पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काका पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

विचारणाऱ्या मुलीच्या मनात खोच नव्हती. ती साताऱ्याकडची. नोकरीच्या ठिकाणी आमच्या गावच्या मुलाशी ओळख झाली, दोन्ही घरांना सांगून नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. तिच्या खोलीत गणपतीची छोटी मूर्ती आहे आणि ती हलवायला तिला कुणी सांगितलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई बायबल घेऊन कुठं जातात, एवढ्या कुतूहलानं ती त्यांच्यासोबत आली होती. दोन शुक्रवार ऐकत बसली. तिसऱ्या शुक्रवारी तिनं विचारलं.

आमचा समूह सांभाळतात त्या बाई शिवणकाम करतात. त्यांनी सांभाळून घेतलं. म्हणाल्या, “आम्हांला सांगता येत नाही, बाळा. पुढच्या शुक्रवारी शोधून येतो.” मग त्यांनी शंभर पानी वही काढली, वर तारीख घातली आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला. ती वही आता निम्म्याहून अधिक भरली आहे. हा लेख त्या वहीतूनच निघाला.

आमच्या वसईचा ख्रिस्ती समाज मराठीच बोलतो, हे अजूनही पुष्कळांना सांगावं लागतं. पोर्तुगीज इथं १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. श्रद्धा मात्र वाड्यांमध्ये राहिली, सामवेदी आणि वाडवळी बोलींसकट राहिली. माझ्या आजीनं लॅटिनमधली मिस्सा आयुष्यभर ऐकली. अर्थ कळत नसे, पण कुठं गुडघे टेकायचे ते तिला अचूक ठाऊक होतं. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली आणि त्यानंतर वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्याच परिषदेनं १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज काढला आणि पवित्र शास्त्र साध्या भाविकांच्या हाती असावं, त्यांनी ते वाचावं, असा स्पष्ट आग्रह धरला. आमच्या घरात बायबल आलं ते त्यानंतर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ २०१० साली निघालं, आणि ओट्यावर आज बहुतेकांच्या मांडीवर तेच असतं. फादर २०२४ च्या जुलैत गेले. त्यांच्या भाषेमुळे आमच्यातल्या चौथी शिकलेल्या बाईलाही मोठ्यानं वाचायचं धैर्य आलं, हे ऋण मला इथं नोंदवायचंच आहे.

ओट्यावरची पद्धत मात्र दक्षिण आफ्रिकेतून आलेली. तिथल्या लुम्को संस्थेत फ्रिट्झ लोबिंगर आणि ओसवाल्ड हिर्मर या दोन जर्मन धर्मगुरूंनी ती रचली. धर्मगुरूंची संख्या थोडी, गावं दूरदूर. तेव्हा माणसांनी आपापल्या आळीत जमून शुभवर्तमान कसं वाचावं, याच्या त्यांनी सात पायऱ्या ठरवल्या. आधी प्रभूला बोलवायचं. उतारा वाचायचा. मग ज्याला जो शब्द भिडला तो त्यानं तेवढाच, तीनदा, थांबून थांबून उच्चारायचा. पुढं काही मिनिटं निव्वळ शांतता. त्यानंतर बोलायचं, ते आपल्या आयुष्याविषयी. दुसऱ्याचं खोडायचं नाही, उपदेश करायचा नाही. शेवटी आळीतलं एखादं काम ठरवायचं, कुणी आजारी असेल, कुणाचं छप्पर गळत असेल, आणि मग प्रार्थना.

या पायऱ्यांमध्ये तिसरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. एकच शब्द तीनदा उच्चारायला विद्वत्ता लागत नाही, आणि विद्वानाला त्यात मिरवताही येत नाही. पण सुनेच्या प्रश्नानं पायऱ्यांच्या बाहेरचं काहीतरी मागितलं. तिला आमचे अनुभव नको होते. आम्ही काय मानतो, ते तिला हवं होतं. आणि ते आम्हांला येत नव्हतं.

खरं तर ते आम्हांला पाठ होतं. लहानपणी दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरांचं पुस्तक घोकून घेत. प्रश्नही पुस्तकातला, उत्तरही पुस्तकातलं. मी नऊ वर्षांची असताना पुस्तकात नसलेला एक प्रश्न विचारला होता. येशू जर देव होता, तर क्रूसावर त्यानं देवाला, ‘मला का टाकलंस’ असं का विचारलं? शिकवणाऱ्यांनी तळहातावर पट्टी मारली आणि असले प्रश्न सैतान सुचवतो असं सांगितलं. त्या चांगल्या मनाच्या होत्या, मला पुढं त्यांनी खूप माया दिली. पण त्या दिवसानंतर मी श्रद्धेविषयी एकही प्रश्न मोठ्यानं विचारला नाही. चव्वेचाळीस वर्षं.

पुढच्या शुक्रवारी प्रत्येकजण काही ना काही घेऊन आला. मावशींनी फुलबागेतून सोनचाफ्याची डहाळी आणली, एका डहाळीला तीन फुलं. काका तयारीनं आले होते. “पाणी, बर्फ आणि वाफ,” ते म्हणाले. “वस्तू एक, रूपं तीन.” आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सुनेलाही ते पटल्यासारखं दिसलं.

त्या दिवशी आम्ही मुद्दाम धर्मग्रामातल्या तरुण फादरांना बोलावलं होतं. त्यांनी अर्धा तास तोंड उघडलं नव्हतं, समूह सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना तशी अटच घातली होती. आता ते म्हणाले, “काका, हीच कल्पना तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेल्लियस नावाच्या माणसानं मांडली होती, आणि ख्रिस्तसभेनं ती नाकारली.” काका चमकले. साठ वर्षं ज्या दाखल्यानं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती तो पाखंड निघाला. “का नाकारली?” त्यांनी विचारलं, आणि आवाजात दुखावलेपण होतं. फादर म्हणाले, “बर्फ वाफेशी बोलू शकतो का? एकाच देवानं तीन मुखवटे घातले असतील, तर गेथशेमनीच्या बागेत त्या रात्री येशू प्रार्थना कुणाला करत होता?”

पाऊस थांबला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सून हळूच म्हणाली, “म्हणजे देव एकटा नाही.”

फादरांनी मान हलवली. ते पुढं चार वाक्यं बोलले, संत ऑगस्टीननं प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो आणि दोघांमधलं प्रेम, अशा तिघांमधून हे गूढ उकलायचा कसा प्रयत्न केला ते. पण वहीत त्या दिवशी खाली लिहिलेलं वाक्य सुनेचंच आहे. देव एकटा नाही. पंधराशे वर्षांचं तत्त्वज्ञान वाचून मी याहून पुढं गेले असते असं मला वाटत नाही.

घरी येऊन मी निकेयाविषयी वाचत बसले. आज तुर्कस्तानात इझनिक म्हणतात त्या गावी ३२५ साली ती परिषद भरली. २०२५ साली तिला १७०० वर्षं झाली. अलेक्झांड्रियाचा अरियस हा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र कितीही थोर असला तरी तो पित्यानं निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा काळ होता. त्याच्या विरुद्ध बाजूनं पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत असं ठरलं. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलमध्ये कुठंही नाही, तो तत्त्वज्ञानाच्या भाषेतून उचललेला. वादही तिथं मिटला नाही, पुढं पन्नासहून अधिक वर्षं धुमसत राहिला, आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला मतांगीकाराला आजचा आकार बराचसा आला. दर रविवारी मिस्सेत मी जे एका सुरात म्हणून टाकते, त्यातला शब्दन्‌शब्द कुणीतरी कुणाला तरी उलट प्रश्न विचारल्यामुळे तिथं आलेला आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या अंगावर आलं. त्याच्याही आधी, पहिल्याच शतकात, यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करावी की नको यावर यरुशलेमला प्रेषितांची बैठक बसली होती. पेत्र, पौल, याकोब सगळे बोलले. आणि बारा वर्षांचा येशू हरवला तेव्हा मरिया आणि योसेफ यांना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला, ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, असं लूक सांगतो. त्याला कुणी पट्टी मारली नव्हती.

आपल्या भाषेत तर या श्रद्धेचं पहिलं मोठं पुस्तकच प्रश्नातून सुरू होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राशोल इथं त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. आरंभीचा प्रसंग साष्टीतल्या देवळातला आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एकजण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही आता वाचायचं काय? या प्रश्नात एका पिढीची वेदना आहे. पोर्तुगीज अमलाखाली जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या गेल्या होत्या, ते लपवण्यात अर्थ नाही. स्टीफन्सनं तो प्रश्न आपल्या ग्रंथाच्या दारातच ठेवला, आणि पुढंही श्रोते मध्येच थांबवून शंका विचारत राहतात. त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली निघालेल्या कोकणी ‘दौत्रिन’मध्ये तर त्यानं एक फार मोठा बदल केला. मूळ पोर्तुगीज पुस्तकात गुरू विचारतो आणि शिष्य पाठ केलेलं उत्तर देतो. स्टीफन्सच्या पुस्तकात शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. आपल्याकडे असंच असतं, हे त्या परदेशी माणसानं ओळखलं होतं. साडेतीनशे वर्षांनी माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पुन्हा उलटंच का झालं होतं, याचं मला वाईट वाटतं.

मग मला समुद्रकिनारा आठवला.

१८५७ सालच्या १५ जानेवारीपासून मुंबईच्या समुद्रकाठी दर गुरुवारी संध्याकाळी सभा भरू लागली. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी. मूळचे कुलाबा जिल्ह्यातले विष्णू भिकाजी गोखले, वय बत्तीसच्या आत, वेदोक्त धर्माची बाजू मांडणारे अफाट बुद्धीचे संन्यस्त पुरुष. दुसऱ्या बाजूला मिशनरी, त्यांत जॉर्ज बोवेन हा अमेरिकन, जो १८४८ पासून मुंबईत देशी वस्तीत अत्यंत साधेपणानं राहत होता. देवाचं स्वरूप काय, पाप म्हणजे काय आणि त्यातून सुटका कशी, कोणता ग्रंथ खरा आणि कशावरून, असे मुळालाच हात घालणारे विषय. वाळूत बसलेली, उभी राहिलेली माणसं. २८ मे रोजी हा क्रम थांबला, तेव्हा उत्तरेत मीरतला उठाव होऊन अठरा दिवस झाले होते. बोवेननं त्याच वर्षी इंग्रजीत या चर्चांचं पुस्तक काढलं. विष्णुबुवांच्या बाजूनं मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ पुढं १८७२ साली निघालं, ते गेल्यानंतर.

माझ्या मनात या सभांविषयी आदर आहे. तलवार न काढता, सरकारी हुकमाचा आधार न घेता, दोन धर्मांची माणसं आठवड्यामागून आठवडे एकमेकांचं ऐकायला येत होती, आणि हजारो लोकांसमोर मराठीत तत्त्वचर्चा होत होती. असं आज चौपाटीवर करून दाखवावं कुणी. तरीही ती पुस्तकं चाळताना मला एक गोष्ट जाचत राहिली. तिथं कुणालाही ‘मला हे माहीत नाही’ असं म्हणण्याची मुभा नव्हती. मागं गर्दी उभी होती. जो थांबला तो हरला. सुनेचा प्रश्न त्या वाळूवर विचारला गेला असता, तर तो बाण झाला असता, आणि काकांना पाणी-बर्फ-वाफेचा दाखला शेवटपर्यंत लढवावा लागला असता.

पंडिता रमाबाईंनी त्यातून दुसरी वाट काढली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, मुलगी मनोरमा लहान होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुष्कळांची कथा इथं संपते. रमाबाईंचे प्रश्न इथून सुरू झाले. बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमला शिकायला आणि शिकवायला गेल्या आणि तिथून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांवर पत्रं लिहू लागल्या. पत्राच्या मायन्यात त्या सिस्टरना ‘आजीबाई’ म्हणत, आणि त्याच पत्रात त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, चर्चच्या अधिकारावर आडवेतिडवे प्रश्न करत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, लॅटिनमध्ये असं काय जास्त पवित्र आहे, इथपर्यंत त्या भांडल्या. सिस्टर जेराल्डीन दुखावल्या, रागावल्या, रमाबाईंना गर्व झाला आहे असं त्यांना वाटलं. पण त्यांनी ती पत्रं जपली. ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापली.

मी ती वाचली तेव्हा चाळिशीत होते, आणि रडले होते. एका पंचविशीतल्या मराठी विधवेनं, परक्या देशात, ज्यांचं अन्न खात होती त्यांच्यासमोर, एवढं निर्भयपणे विचारलं होतं. आणि विचारून ती श्रद्धेतून बाहेर पडली नाही. आणखी आत गेली. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिनं हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं.

असे शोधाचे समूह आज जगभर आहेत. त्यांतला सर्वांत पसरलेला ‘अल्फा’ लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये १९७७ साली चार्ल्स मार्नम यांनी सुरू केला, तो चर्चमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी. निकी गंबल या वकिली सोडून धर्मगुरू झालेल्या गृहस्थांकडे १९९० साली तो आला आणि त्यांनी त्याचं तोंड चर्चबाहेरच्या माणसांकडे वळवलं. आधी जेवण, मग एक भाषण, मग लहान गटात चर्चा, असं दहाएक आठवडे. येशू कोण, तो का मेला, प्रार्थना कशी करायची, देव आज बरं करतो का, असे विषय. भारतातही हे वर्ग चालतात. त्यातला जेवणाचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि गट चालवणाऱ्यानं उत्तरं देऊ नयेत, ऐकावं, हा नियमही. माझी अडचण वेगळी आहे. तिथं कोणत्या आठवड्यात कोणता प्रश्न, ते आधीच ठरलेलं असतं. आमच्या सुनेचा प्रश्न तिसऱ्याच शुक्रवारी आला. तो कुणाच्या वेळापत्रकात बसला नसता.

मोठ्या पातळीवरही बदल होतो आहे, हे सांगायला मला आनंद वाटतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनला धर्मसभा बोलावली, तेव्हा पॉल सहावे सभागृहात पायऱ्यापायऱ्यांची बाकं नव्हती. गोल टेबलं होती. कार्डिनल, बिशप, सिस्टर, संसारी स्त्रीपुरुष एकाच टेबलाभोवती, आणि स्त्रियांना अशा सभेत पहिल्यांदाच मताचा अधिकार. प्रत्येकानं थोडा वेळ बोलायचं, मध्ये शांतता, आणि दुसऱ्या फेरीत स्वतःचं न सांगता दुसऱ्याच्या बोलण्यातलं आपल्याला काय लागलं ते सांगायचं. ती छायाचित्रं मी मावशींना दाखवली. त्या म्हणाल्या, “अगं, हा तर आपला शुक्रवार.”

एका गोष्टीविषयी बोलायलाच हवं. ऑगस्टमध्ये सुनेच्या आईचा फोन आला. मुलगी दर शुक्रवारी बायबलच्या बैठकीला जाते, हे कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं. पोरीला बाटवताहेत का, असं तिनं थेट विचारलं. मला राग आला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे १० लाख ८० हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. इतकी थोडी माणसं आसपास असली की त्यांच्याविषयी ऐकीव गोष्टीच अधिक पोचतात. आणि इतिहासात जबरदस्ती झालेली आहे, साष्टीतला तो श्रोता साक्षीला आहे. मी त्या बाईंना आमचा नियम सांगितला. ओट्यावर कुणाला निर्णय विचारला जात नाही. कुणी किती शुक्रवार यावं, काय मानावं, हे त्याचं त्याच्यापाशी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. साताऱ्याचं नाव काढल्यावर त्या थोड्या सैल झाल्या. “मी येऊन बघते एकदा,” म्हणाल्या.

१४ सप्टेंबरला पवित्र क्रूसाचा सण असतो. त्या आठवड्यात आम्ही मार्कच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचलं. वाचत होत्या मावशीच. दुपारी तीनच्या सुमाराची ती हाक आली, त्यांचा आवाज जरा अडला आणि पुढं गेला. शांततेची मिनिटं संपली. मी तळहात मांडीवर उलटा धरून बसले होते, हे मला नंतर कळलं. मी विचारलं. नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न, जसाच्या तसा.

काकांनी अभ्यास केला होता. ते म्हणाले की ही हाक म्हणजे बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे, आणि ते स्तोत्र सुरू होतं आक्रोशानं, पण संपतं भरवशानं. येशू लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना म्हणत होता. हे खरं आहे, आणि सुंदर आहे. फादर त्या दिवशीही आले होते. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “मी सेमिनरीत हेच शिकलो, हेच शिकवतो. माझे वडील अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते. तेव्हा मला हे उत्तर पुरलं नाही. अजून मला माहीत नाही.”

एका धर्मगुरूच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. आणि माझ्या तळहातावरची ती जुनी आग विझल्यासारखी झाली, हे मला जसं वाटलं तसंच लिहिते आहे.

मावशींचा धाकटा मुलगा बाविसाव्या वर्षी वारला. त्या याविषयी कधी बोलत नाहीत. त्या संध्याकाळी बायबल मिटून म्हणाल्या, “मी पण बोलले होते तसंच. विहिरीवर उभी राहून, मोठ्यानं. पण बोलले कुणाशी? त्याच्याशीच ना.”

समूह सांभाळणाऱ्या बाईंनी वही उघडली, पण काही लिहिलं नाही. सून उठून चहा करायला गेली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि कपबशांचा.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी तिची आई आली. एसटीनं दिवसभराचा प्रवास करून आलेली, डोक्यावरून पदर, हातात लाडवांचा डबा. ओट्याच्या पायरीवरच, दाराला टेकून बसली. वर या म्हटलं तर, “राहू द्या, इथंच बरं,” म्हणाली. आम्ही नेहमीसारखं वाचलं. तासभर ती एक शब्द बोलली नाही, नजर मात्र सगळ्यांवरून फिरत होती. शेवटची प्रार्थना झाली, लाडू फिरले, माणसं चपला शोधू लागली, तेव्हा ती लेकीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

“त्या येशूची आई होती ना तिथं, क्रूसाखाली? तिचं पुढं काय झालं?”

काकांनी घातलेली चप्पल काढली. मावशींनी आपली खुर्ची तिच्यासाठी पुढं ओढली, आणि या वेळी ती वर येऊन बसली. क्रूसावरून त्यानं आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवलं, हे योहानात असल्याचं आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. “त्याच्या पुढं,” ती म्हणाली. “तो गेल्यावर.” फादर त्या दिवशी नव्हते. काका प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय शोधू लागले, सुनेनं दिव्याचं बटण दाबलं आणि वही आपल्या मांडीवर घेतली.